चांदोबाची जिल्द

चांदोबाची जिल्द म्हणजे 'चांदोबा' मासिकाचे सुटे अंक एकत्र शिवून केलेला घरगुती ग्रंथ. वऱ्हाडात तो अमरावतीच्या बुधवारा-सक्करसाथेत, अकोल्याच्या जुन्या शहरात आणि मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर अशा गावांतल्या जुन्या घरांत आढळतो. आढळण्याची जागा माळा, दिवाणाचे पोट किंवा देवघराखालचा कप्पा. पाठ काळ्या नाहीतर लाल कापडाची, पुठ्ठ्यावर अबरीचा कागद, आत बारा ते चोवीस अंक, आणि वजन असे की मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाच्या पायाला गोष्ट संपायच्या आत मुंग्या येतात. ग्रंथावर लेखकाचे नाव नसते, प्रकाशकाचे नसते, किंमत नसते. पहिल्या पानावर निळ्या शाईत मालकाचे नाव, इयत्ता, तुकडी आणि पुस्तक चोरणाऱ्याला कोणकोणत्या रोगांनी मरण येईल याची तपशीलवार माहिती मात्र असते.

ग्रंथपाल याची नोंद 'बांधीव नियतकालिक' अशी करतील. वस्तुतः हा चित्रसंग्रह आहे. जिल्द उघडणारा माणूस ती वाचत नाही, कारण गोष्टी त्याला पाठ असतात. तो पाने उलटतो आणि ठरलेल्या चित्रापाशी थांबतो. अमेरिकेत फ्रँक फ्रॅझेटा या चित्रकाराने तलवारी, राक्षस आणि कपड्यांची टंचाई असलेली माणसे आयुष्यभर रंगवली. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह १९७५ मध्ये निघाला. असली गुळगुळीत पुस्तके तिकडे दिवाणखान्यातल्या बुटक्या टेबलावर पाहुण्यांसाठी ठेवतात. वऱ्हाडात त्या टेबलावर सुपारीचा डबा, विजेचे बिल आणि तीन लग्नपत्रिका असतात, आणि पाहुणा पुस्तक चाळायला नव्हे, जेवायला आलेला असतो. तेव्हा अद्भुतचित्रांचा संग्रह माळ्यावर जातो. तो छापखान्यात तयार झालेला नसून गल्लीतल्या बाइंडरने तयार केलेला असतो, हा दुसरा फरक. या दोन फरकांतूनच त्याचे सगळे गुणदोष निघतात.

आतला माल मूळ मद्रासचा. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू 'चंदमामा' आणि तमिळ 'अंबुलिमामा' सुरू केले. मराठी 'चांदोबा' १९५२ पासून निघू लागला. हीच जोडी विजया प्रॉडक्शन्स या चित्रपटसंस्थेमागे होती. 'पाताळ भैरवी' आणि 'मायाबाजार' हे त्या संस्थेचे गाजलेले चित्रपट. म्हणजे राक्षस, मांत्रिक, गुहा आणि गदा यांचा या घरात घाऊक व्यवहार चाले, आणि पडद्यावरून उरलेला माल कागदावर उतरवायला अडचण नव्हती. गोष्टी मद्रासेत रचल्या जात आणि निरनिराळ्या भाषांत उतरवल्या जात. चित्र मात्र सगळ्या भाषांना एकच. तेलुगू मुलगा ज्या राक्षसाला भ्यायचा, त्यालाच मराठी मुलगाही भ्यायचा. पानोपानी एक चित्र असल्याने मजकुराला उरेल तेवढीच जागा मिळे, आणि मराठी वाक्यांना त्या जागेत अंग चोरून बसावे लागे. त्या मराठीत पुण्याच्या वाचकाला काहीतरी खटके म्हणतात. अकोल्याच्या वाचकाला कधी खटकले नाही. पुण्याचे छापील मराठीही त्याला तितकेच परके होते.

चित्रकार एक नव्हता, हे जिल्द चाळणाऱ्याला पुष्कळ उशिरा कळते. मुखपृष्ठावरचे रसरशीत, टपोऱ्या डोळ्यांचे देव आणि राजकन्या वड्डादि पापय्या यांच्या. महाभारताची भारदस्त चित्रे एम. टी. व्ही. आचार्यांची. मांत्रिक, नरभक्षक, बोलके पक्षी आणि एकाक्ष राक्षस यांनी गजबजलेल्या क्रमशः कादंबऱ्या दासरी सुब्रह्मण्यम लिहीत आणि 'चित्रा' या नावाने सही करणारे टी. वीरराघवन त्या रंगवीत. हे चित्रा अद्भुताच्या बाबतीत सर्वांत निर्ढावलेले. त्यांचा मांत्रिक जंगलात झोपडी बांधतो तेव्हा त्या झोपडीच्या दाराला कवटी कशी बांधली आहे, दोरीची गाठ कुठे आहे, हेही दिसते. चौथे के. सी. शिवशंकरन, म्हणजे 'शंकर'. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत देवीप्रसाद रॉय चौधरी प्राचार्य असताना ते शिकले आणि १९५२ मध्ये मासिकात दाखल झाले. मराठी चांदोबा आणि चांदोबातले शंकर यांचा जन्म असा एकाच वर्षीचा. पुढची साठ वर्षे दोघे बरोबर चालले. वऱ्हाडी जिल्दीत सर्वांत जास्त पाने याच माणसाची भरतात, आणि जिल्द आपोआप उघडते तीही त्याच्याच चित्रावर.

ते चित्र विक्रम-वेताळाचे. या मालिकेची सुरुवातीची चित्रे 'चित्रा' यांची होती. साठच्या दशकापासून ती शंकर यांच्याकडे आली आणि त्यांच्याच नावावर चढली. चित्र जवळून पाहण्यासारखे आहे. राजा चालतो आहे. खांद्यावर प्रेत आहे, प्रेताचे मोकळे केस खाली लोंबताहेत. दुसऱ्या हातात नागवी तलवार आहे, जिचा साठ वर्षांत कोणावरही उपयोग झालेला नाही. भोवती पाने झडलेले झाड, कवट्या, साप आणि स्मशानात शोभेल असा अंधार. एवढ्या गदारोळात राजाने दागिने उतरवून ठेवलेले नाहीत आणि मिशीचा पीळ ढळू दिलेला नाही. मध्यरात्री, एकट्याने, स्मशानात जाताना कर्णभूषणे घालून निघणारा हा राजा वऱ्हाडी आजींना कायम बेजबाबदार वाटत आला आहे. त्यांचे मत असे, की प्रेत एक वेळ राहू दे, पण चोरांचे काय?

कथेची यंत्रणा सोपी आहे. राजा झाडावरचे प्रेत उतरवतो. मुकाट चालू लागतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून दिले नाही तर डोक्याची शकले होतील अशी तंबी देतो. राजा उत्तर देतो. मौन मोडले म्हणून वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर. मूळ संस्कृत संग्रहात या गोष्टी पंचवीस. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तही त्या आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली होती. पंचवीस गोष्टी, महिन्याला एक, म्हणजे हा व्यवहार दोन वर्षे एका महिन्यात मिटायला हवा होता. मद्रासकरांनी तो मिटू दिला नाही. नव्या गोष्टी रचल्या, राजाला पुन्हा झाडाकडे पाठवले, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ तो जात राहिला. राजाचा एक केस पिकला नाही. चित्रकार तेवढा म्हातारा झाला.

या राजाविषयी वऱ्हाडात दोन शास्त्रीय आक्षेप आहेत. पहिला अकोल्याच्या बाजार समितीतल्या हमालांचा. ओझे असे एका खांद्यावर टाकून कोणी कोसभर चालत नाही. ते पाठीवर घ्यायचे असते आणि कमरेत वाकायचे असते. "असं घेतलं तं दोन खेपात मान जाते राजा," हा अभिप्राय राजाला उद्देशून नाही, पण लागू पडतो. दुसरा आक्षेप वेताळाच्या स्वभावाविषयी. वऱ्हाडातला मुंजा पिंपळावर राहतो, अंधारात हटकतो आणि तंबाखू मागतो. त्याला न्यायनिवाड्यात रस नसतो. चांदोबातला वेताळ मात्र तीन जणांपैकी खरा त्यागी कोण, नवरा की चोर की सेवक, असले प्रश्न घालतो. यावर गावाकडच्या वाचकांनी काढलेला निष्कर्ष असा, की वेताळ हा शिकलेला मुंजा असावा आणि बहुधा वकिली झालेला असावा. अमरावतीत वकिलांची परंपरा जुनी असल्याने तिथे हे मत चटकन पटते.

चित्रांतला भूगोल हा जिल्दीचा सर्वांत मजेदार भाग. शंकर आणि मंडळी दक्षिणेतली, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक राज्यात गोपुरे, कोरीव खांबांचे मंडप आणि नारळीची झाडे उगवतात. उज्जैन असो, काशी असो, गोपुर आहेच. अकोल्याच्या दोन पिढ्यांनी लहानपणी धरून चालले की जुन्या काळी सगळीकडे असेच होते आणि मग आपल्याकडच्या लोकांनी आळसाने बांधायचे सोडले. सहसा यावर कोणी तक्रार केली नाही. तक्रार उठली ती रुक्मिणीहरणाच्या चित्रांवर. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या, कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी, आणि कृष्णाने तिला पळवले ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, ही गावातली पक्की समजूत. म्हणजे प्रसंग ऐतिहासिक की पौराणिक हा वाद बाजूला ठेवला, तरी पत्ता ठाऊक आहे. अशा प्रसंगाच्या चित्रात देवळामागे नारळी दिसली की अमरावतीकर चित्रकाराला माफ करत नाही. "अंबादेवीपाशी नारयाची झाडं कोनं लावली?" हा प्रश्न कलासमीक्षेत मोडतो. त्यानंतर रथ गांधी चौकातून कुठल्या बाजूला वळला असेल यावर चर्चा जाते, आणि तिथली आजची वाहतूक पाहता कृष्णाने वेळ अचूक निवडली यावर एकमत होते.

पुराणातल्या पत्त्यांची वऱ्हाडात तशी ददात नाही. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले ती दरी चिखलदऱ्याला दाखवतात, आणि गावाचे नावही कीचकदऱ्यावरून आले असे सांगतात. कीचकवधाचे चित्र आले की चिखलदऱ्याला जाऊन आलेला प्रत्येक जण दरीची खोली चित्रात कमी पडल्याचे नोंदवतो. किल्ल्यांच्या बाबतीत मात्र उलटे घडते. मांत्रिकाचा किल्ला, त्याच्या दारावर कोरलेली भयंकर जनावरे, पंख पसरलेला दुतोंडी पक्षी असे काही दिसले, की जिल्द वाचणारा मुलगा म्हणतो, चित्रकाराने जरा जास्तच हाणली आहे. मग शाळेची सहल गाविलगडावर जाते आणि दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड हत्तींना धरून बसलेला दिसतो. अकोल्याची सहल नरनाळ्याला गेली तर पंधराव्या शतकाच्या अखेरीचा महाकाली दरवाजा दिसतो, ज्याचे नक्षीकाम पाहून कोणालाही वाटावे की आत मांत्रिक राहत असणार. त्या काळच्या पाथरवटांनी हे काम चारशेहून अधिक वर्षे आधी करून ठेवले होते, तेही क्रमशः न करता.

जिल्दीतली चित्रे जशी छापली गेली तशी राहिलेली नसतात. त्यांच्यावर दुसरा हात फिरलेला असतो. दुष्टांना शिक्षा होईपर्यंत धीर न धरवणारी मुले कर्कटकाच्या टोकाने त्यांचे डोळे फोडतात. कोणतीही जिल्द उजेडात धरली तर राक्षसांच्या डोळ्यांतून पलीकडचा प्रकाश येतो. आणि पानाच्या मागच्या बाजूला नेमक्या त्याच जागी असलेल्या एखाद्या निरपराध ब्राह्मणाच्या पोटालाही भोके पडलेली असतात. न्यायदानातली ही चूक सर्व जिल्दींत सारखी आढळते. राजकन्यांना बॉलपेनने चष्मे लागतात. मांत्रिकाला मिशी मूळचीच असल्याने त्याला बहुधा मनगटी घड्याळ मिळते. काही घरांत राजाच्या डोक्यावर गांधी टोपी आढळते. हे काम निवडणुकीच्या वर्षातले असावे. आतली बरीच चित्रे एखाद्याच रंगाच्या जोडीवर भागवलेली असल्याने उरलेले रंग भरणे हे वाचकाचे कर्तव्य समजले जाई, आणि शाळेच्या रंगपेटीत हिरवा संपलेला असल्यास अख्खे अरण्य जांभळे होई. कलेच्या इतिहासात या सहकलावंतांची नोंद नाही. त्यांच्यापैकी बरेच जण पुढे तलाठी, प्राध्यापक आणि कृषी अधिकारी झाले.

भीतीच्या बाबतीत घराघरांत एक नियम असे: वेताळाचे पान रात्री उघडायचे नाही. उघडलेच तर जिल्द पालथी ठेवून झोपायचे नाही, कारण मग वेताळ खाली जमिनीकडे तोंड करून राहतो, आणि ते बरे नसते. याला कोणत्याही ग्रंथात आधार नाही. "माय व, कायचं भूत काढलं हे!" असे म्हणून आजी पान उलटत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले की स्वतः तेच पान काढून बसत.

आता बांधणी. वर्षाचे अंक जमले, म्हणजे खरे तर आठ-नऊ जमले, की ते गाठोड्यात बांधून बाइंडरकडे नेण्याची वेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत येई. हा बाइंडर मूळचा वह्या, पावतीपुस्तके आणि सावकारी चोपड्या शिवणारा. अडत दुकानांच्या खतावण्या हा त्याचा खरा धंदा. चांदोबा हे त्याच्या लेखी धर्मकार्य. तो पिना उपटतो, अंक ठोकून सारखे करतो, टोच्याने भोके पाडतो, दाभणाने दोरा ओवतो, पाठीला कापड लावतो आणि सगळे शिकंजात दाबून ठेवतो. चिकटवायला मैद्याची खळ, आणि खळीत मोरचूद. मोरचुदाने कसर लागत नाही. मैदा मात्र तिला आवडतो, त्यामुळे बाइंडरने मोरचुदात काटकसर केली की अख्खे घराणे पाठीत येऊन राहते.

गहाळ अंकाचा प्रश्न बाइंडर शांतपणे सोडवतो. जाडी भरून यावी म्हणून तो हाताशी असेल ते घालतो. त्यामुळे फेब्रुवारी आणि एप्रिल यांच्या मधे मार्चच्या जागी बालभारतीच्या 'किशोर'चा अंक, एखाद्या बियाणे कंपनीची माहितीपुस्तिका किंवा अर्धे पंचांग शिवलेले सापडते. क्रमशः कादंबरीत नायक मगरीच्या जबड्यात असताना भाग संपतो, आणि पुढच्या पानावर संकरित ज्वारीवरील खोडमाशीचा बंदोबस्त सुरू होतो. ज्यांनी लहानपणी ही जिल्द वाचली त्यांच्यापैकी काहींना आजही खात्री आहे की नायक फवारणीमुळे वाचला.

शेवटची क्रिया कटिंगची, आणि नुकसान इथेच होते. अंक वेगवेगळ्या महिन्यांत छापलेले, त्यामुळे कडा मागेपुढे. खतावणीच्या सवयीने बाइंडरला कड एका रेषेत हवी असते. तो विचारतो, "काकाजी, किती काटू?" काकाजींचे लक्ष बिलाकडे असते. "काट बाप्पा, सारखं दिसलं पाह्यजे." मोठे पाते खाली येते आणि तीन बाजूंनी कागदाच्या पट्ट्या गळून पडतात. त्या पट्ट्यांबरोबर पानांचे आकडे जातात, उंच राजांचे मुकुट जातात, पानाच्या काठावर पळणाऱ्या घोड्यांची तोंडे जातात. आणि चित्राच्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक अक्षरांत चित्रकाराने सही केलेली असते. पाव इंच इकडेतिकडे झाले की तीही जाते. मासिकात लेखकांची नावे बहुधा नसतच. चित्रकाराची खूण ती एवढीच. ती गोळा होऊन बाइंडरच्या दुकानात खळ ढवळायची काडी पुसायच्या कामाला येते. वऱ्हाडातल्या कित्येक वाचकांना आपल्या आवडत्या चित्रकाराचे नाव चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते, त्याचे कारण अज्ञान नव्हे. कटिंग मशीनला धार फार चांगली होती.

बांधून आलेली जिल्द पुढे हवामानाशी लढते. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. या हवेत खळ वाळून तडकते, पाठ सुटते आणि पुठ्ठा पापडासारखा वाकतो. उपाय म्हणून जिल्द गार खोलीत नेली, तर तिथे कूलर असतो. विदर्भात कूलर हा कुटुंबातला सदस्य असून त्याच्या समोरची जागा वडिलांची, बाजूची जावयाची आणि मागची कोणाचीच नाही. जिल्द नेमकी मागे ठेवली जाते. आठवड्याभरात पाने दमट होतात, फुगतात आणि कोरड्या खोलीत परत आली की लाटांसारखी होऊन वाळतात. समुद्र न पाहिलेल्या मुलांना सिंदबादी प्रवासाच्या गोष्टींत त्याचा उपयोग झाला, हा एक फायदा. पावसाळ्यात वाळवी येते. ती चित्रांत आवडनिवड करत नाही. पापय्यांपासून शंकरांपर्यंत सरळ बोगदा काढते. त्यामुळे एका वर्षाच्या सर्व अंकांत, सर्व पात्रांना, एकाच जागी, एकाच आकाराचे छिद्र असते.

जिल्द उसनी देण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ती परत येत नाही. अपवाद घडतो तेव्हा ती परत येते, पण दुसऱ्याचीच येते, आणि पहिल्या पानावरचे शाप आता दुसऱ्या कोणाला उद्देशून असतात. गावोगावच्या वाचनालयांत ठेवलेल्या जिल्दींची अवस्था तुलनेने बरी, कारण तिथे त्या कपाटात कुलूपबंद असतात आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेलेले असतात.

वाटणीच्या वेळी खरी अडचण. शेत, विहिरीचे पाणी, वाड्याच्या खोल्या यांचे हिस्से पाडायला कायदा आहे. जिल्द सातबाऱ्यावर चढत नाही. चार भावांत तीन जिल्दी असतील तर चौथ्याला पितळी घंगाळ देऊन समजूत काढतात, पण तो पुढे प्रत्येक दिवाळीला 'वेताळ तुमच्याकडे गेला' असे सुनावतो. बहिणीने लग्नानंतर पुण्याला नेलेली जिल्द माहेरची आठवण म्हणून जपली जाते. भावांच्या मते ती चोरीच असते. एखाद्या घरात न्याय म्हणून जिल्द मधोमध फाडल्याचेही ऐकू येते. प्रश्न एका भावाकडे आणि उत्तर दुसऱ्याकडे गेल्याने त्या घरात वेताळ आजतागायत झाडावर परतलेला नाही.

दुकानात तयार मिळणारे चित्रसंग्रह वऱ्हाडाला अपरिचित होते असे नाही. अनंत पै यांची 'अमर चित्र कथा' १९६७ पासून आली. तिच्यात राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्यासारखे मराठी मुलुखातले कसलेले हात होते, आणि तिचे बांधीव संचही मिळू लागले. ते छान असतात, पण त्यांत ज्वारीवरची खोडमाशी नाही. रघुवीर मुळगावकरांचे देव तर वऱ्हाडातल्या दुकानादुकानांत दिनदर्शिकेवरून पोचले होते. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची त्यांची मुखपृष्ठे पुस्तकापेक्षा जास्त जपली गेली, कधीकधी पुस्तकातून कापून. दीनानाथ दलालांच्या चित्रांसाठी लोक दिवाळी अंक राखून ठेवीत. पण या सगळ्यांची जिल्द झाली नाही. देव भिंतीवर राहिले आणि सुंदर स्त्रिया कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला.

मासिकाचा शेवट रेंगाळत झाला. १९९८ मध्ये कामगार-तंट्यात ते बंद पडले, वर्षभराने पुन्हा निघाले. २००७ मध्ये जिओडेसिक या मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीने ते विकत घेतले. काही वर्षांनी ती कंपनीच गाळात गेली आणि २०१३ च्या सुमारास अंक येणे थांबले. शंकर शेवटपर्यंत वेताळ काढत होते. नंतर कोणी कोणी जुने अंक स्कॅन करून ठेवले आणि वऱ्हाडातली मंडळी ते फोनवर पाहू लागली. तिथे त्यांना दोन गोष्टी प्रथमच कळल्या. मगरीच्या जबड्यातून नायक कसा सुटला ही एक; ते उत्तर फवारणीइतके पटण्यासारखे नाही. दुसरी म्हणजे चित्रांना कोपरे असतात आणि कोपऱ्यात सही असते.

के. सी. शिवशंकरन २९ सप्टेंबर २०२० रोजी शहाण्णवाव्या वर्षी वारले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. वऱ्हाडात त्यांचे मूळ चित्र बहुधा कोणाकडे नसेल, छापील अंक मात्र माळ्यांवर अजून आहेत. ज्यांच्याकडे ते सुटे पडून असतील त्यांनी गंजलेल्या पिना आधी काढाव्यात, खळीत मोरचूद पुरेसा पडतो आहे ना हे समोर उभे राहून पाहावे, जिल्द कूलरच्या मागे ठेवू नये, आणि बाइंडरने किती काटू असे विचारले तर काहीच काटू नको म्हणून सांगावे. कडा मागेपुढे राहिल्या तर राहू द्याव्यात.